'नी' कुणाची?

आमच्या प्रतापनगरपासून दीक्षाभूमी जवळच आहे. अभ्यासवर्गातल्या मुलींना घेऊन आम्ही दसऱ्याला तिथे गेलो होतो. चीवर घातलेल्या एका बाईंकडे पाहून नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, "ताई, भिक्खुनी म्हणजे भिक्खूची बायको का?" आम्ही मोठ्या बायका हसलो. पण पोरीचे चुकले कुठे? पाटलाची पाटलीण, सुताराची सुतारीण, डॉक्टरची डॉक्टरीण. पुरुषाच्या शब्दाला 'ईण' किंवा 'णी' जोडली की आपल्या भाषेत बहुधा त्याची बायको तयार होते. ती स्वतः काय करते, हे कुणी विचारत नाही.

मैत्रिणींनो, याच 'नी'चे चीनमध्ये काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. बौद्ध ग्रंथ तिकडे गेले, तेव्हा भाषांतरकारांनी 'भिक्खुनी' या शब्दाचा उच्चारच उतरवून घेतला. चिनी लिपीत आपल्यासारखी बाराखडी नाही. प्रत्येक चिन्हाला अर्थ असतो आणि उच्चारही. त्यांनी नुसत्या उच्चारासाठी तीन चिन्हे घेतली: पी-छ्यू-नी. यातल्या 'नी'चा बाईशी काहीच संबंध नव्हता. इसवी सन १०० च्या सुमाराच्या चिनी शब्दकोशात तिचा अर्थ 'मागून जवळ येणे' असा दिला आहे. कन्फ्यूशियसच्या जोंगनी या नावातही हेच चिन्ह आहे. पुढे लांबलचक शब्दाचा पुढचा भाग गळाला आणि एकट्या 'नी'चा अर्थच भिक्खुनी असा झाला. हे चिन्ह कोरिया, व्हिएतनाम, जपानपर्यंत पोचले. जपानात ते 'आमा' असेही वाचतात. म्हणजे आपल्याकडचा प्रत्यय तिकडे स्वतःच्या पायावर उभा राहिला.

त्यामागे बायकांचे कष्ट होते. पाचव्या शतकात श्रीलंकेच्या भिक्खुनी जहाजाने चीनला गेल्या आणि त्यांच्या उपस्थितीत तीनशेहून अधिक चिनी स्त्रियांनी पूर्ण उपसंपदा घेतली. जपानात पहिली प्रव्रज्या घेणारी व्यक्ती पुरुष नव्हती. इ.स. ५८४ मध्ये अकरा वर्षांच्या झेनशिनने आणि तिच्या दोन सोबतिणींनी ती घेतली. पुढे शिक्षणासाठी त्या कोरियाला गेल्या.

म्हणून चिन्हाने सगळे साधले असे नाही. जपानात 'आमा' हा शब्द पुढे बाईला हिणवण्यासाठी, शिवीसारखाही वापरला गेला. मान शब्दाला मिळतो तो समाजात बाईला मिळाला तरच.

आपल्याकडचे काय? महाप्रजापती गौतमीला तीनदा नकार ऐकावा लागला. मग संघाचे दार उघडले, पण आठ अटींसह. शंभर वर्षे भिक्खुनी असलेल्या स्त्रीने आजच झालेल्या भिक्खूला वंदन करावे, ही त्यातली एक. पुढे भारतात आणि श्रीलंकेतही भिक्खुनी संघ संपला. तो टिकला चीन, कोरिया, व्हिएतनाममध्ये. १९९६ मध्ये सारनाथला कोरियन संघाच्या मदतीने श्रीलंकेच्या स्त्रियांना उपसंपदा मिळाली, १९९८ मध्ये बोधगयेलाही मोठा समारंभ झाला. इथून गेलेली परंपरा पूर्वेकडच्या बायकांनी जपली आणि परत आणून दिली. तरीही 'परंपरा तुटली, आता ती मान्य नाही' म्हणणारे आहेतच. थायलंडमध्ये स्त्रियांना प्रव्रज्या देण्यास मनाई करणारा १९२८ चा आदेश आजही पुढे केला जातो.

१४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना दीक्षा दिली. बायकांनी आणि पुरुषांनी त्याच बावीस प्रतिज्ञा घेतल्या. बायकांसाठी वेगळ्या आठ अटी नव्हत्या. बुद्धाने स्त्रीला प्रव्रज्येचा हक्क दिला, हे बाबासाहेबांनी लेख लिहून ठणकावून सांगितले होते.

मग आपल्या वस्तीतली विहारे पाहा. झाडलोट बायका करतात, खीर बायका रांधतात, सभागृह बायकांनी भरते. आसनावर मात्र भिक्खूच. समितीत एखादी बाई असलीच, तर सही करायला.

माझे म्हणणे साधे आहे. येत्या बुद्धपौर्णिमेला प्रत्येक महिला मंडळाने आपल्या विहार समितीकडे दोन गोष्टी मागाव्यात: धम्मदेशनेसाठी एका भिक्खुनीला बोलवा आणि तिचे आसन भिक्खूंच्या बरोबरीने मांडा. समितीत निम्म्या बायका घ्या, हे त्यापुढचे. नकार मिळेल. गौतमीलाही तीनदा मिळाला होता.