पसंतीची यादी आणि मतदारयादी

"सगळ्यांत आवडते दहा मराठी सिनेमे कोणते?" हा प्रश्न कुठेही टाका, वाद रंगलाच म्हणून समजा. श्रीरामपूर तालुक्यातलं आमचं बेलापूर त्याला अपवाद नाही. प्रवरेकाठचं हे जुनं गाव. आगगाडीच्या स्टेशनला नाव बेलापूरचं, पण स्टेशन पाचसहा किलोमीटरवर श्रीरामपुरात. मोठ्या पडद्यावर नवा सिनेमा पाहायचा तरी श्रीरामपूर किंवा नगर गाठावं लागतं. पण सिनेमावर बोलायला कुठे जावं लागत नाही. पानटपरी आहे, केशकर्तनालय आहे, पार आहे. तिथे 'पिंजरा' निघतो, 'सामना' निघतो, 'नटसम्राट', 'दुनियादारी', 'सैराट' निघतात. आणि 'अशी ही बनवाबनवी'वर तर सगळ्यांचंच एकमत असतं. १९८८ साली आलेला हा सिनेमा आम्हा बायकांनाही आवडतो. तरीही एक गंमत नोंदवून ठेवायला हवी. या लाडक्या सिनेमातल्या सगळ्यांत लाडक्या दोन 'बायका' म्हणजे साडी नेसलेले सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे.

आता टपरी, केशकर्तनालय आणि पार या तिन्ही जागा डोळ्यांपुढे आणा. तिथे बाई उभी राहते का? राहिली तर तिच्याकडे कोणत्या नजरेनं पाहिलं जातं? म्हणजे यादी 'गावाची', पण ती तयार होते तिथे निम्मं गाव नसतंच.

काही मैत्रिणी म्हणतील, हुंडा, मारहाण, रेशन, पाणी हे प्रश्न समोर असताना सिनेमाच्या यादीत काय ठेवलंय? ठेवलंय ते असं. एखाद्या सिनेमात बलात्काराचं प्रदर्शन असतं, छेडछाडीला प्रेम म्हटलेलं असतं, बायकोला थोबाडीत मारली की थिएटरात शिट्ट्या वाजतात. आपण निषेधाचं पत्रक काढतो. त्यावर निर्माते, वाहिन्या यांचं उत्तर ठरलेलं असतं: "प्रेक्षकांना हेच आवडतं." प्रेक्षकांची पसंती हे असं हत्यार आहे. ते वापरून आपलं तोंड बंद केलं जातं आणि पुढचा तसाच सिनेमा काढला जातो. म्हणून ही पसंती कुणी मोजली, कशी मोजली, कुणाची मोजली, हे विचारणं चळवळीचं कामच आहे.

मत देणं वाटतं तितकं सोपं नाही

लोकांच्या मतांवर पसंती ठरवायची पद्धत मराठीतही चांगली रुळली आहे. झी टॉकीज वाहिनीचा 'महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण?' हा सोहळा प्रेक्षकांच्या मतांवरच उभा आहे. परीक्षकांच्या बंद खोलीपेक्षा हे लोकशाहीला धरून आहे, यात शंका नाही. पण 'महाराष्ट्राचा' म्हणायचं तर महाराष्ट्रातल्या किती जणींपर्यंत मतपेटी पोचते, हे पाहायला नको का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची पाचवी फेरी पाहा. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया देशात १०० पैकी ३३ आहेत, पुरुष ५७. बाजार, दवाखाना आणि गावाबाहेर, या तिन्ही ठिकाणी एकटीनं जायची मुभा असलेल्या स्त्रिया १०० पैकी फक्त ४२. जिला दवाखान्यात एकटीनं जाता येत नाही, ती सिनेमाला कुठून जाणार? आणि जिनं सिनेमा पाहिलाच नाही, ती मत कशावर देणार?

म्हणजे मताआधी चार अडथळे आहेत. पहिला वेळेचा. पुरुष कामावरून सुटला की मोकळा होतो, बाई एका कामावरून सुटते ती दुसऱ्या कामात अडकते. दुसरा पैशाचा. तिकीट, एस.टी.चं भाडं आणि मुलांचा खाऊ हा हिशोब जमला तरी तो 'स्वतःच्या मजेसाठी' खर्च केला असं सांगायचं धाडस हवं. तिसरा सोबतीचा. चौथा नजरेचा. सिनेमाला जाणारी बाई म्हणजे 'फिरती' बाई, हे आजही काही घरांतून ऐकू येतं.

जत्रेतला तंबू आठवा. महाराष्ट्रातल्या फिरत्या टुरिंग टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी काढलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. आपल्या आयांनी, आज्यांनी सिनेमा पाहिला तो बहुतेक अशाच तंबूंत, जमिनीवर बसून, एका बाजूला बाया आणि एका बाजूला बाप्ये. त्यात सोय एवढीच, की जत्रेला जाणं हे देवाचं निमित्त. त्या निमित्तानं बाई घराबाहेर पडू शकत होती. तंबू कमी झाले, टी.व्ही. घरात आला. सिनेमा घरबसल्या मिळाला खरा, पण बरोबरीच्या बायांमध्ये बसून मोठ्यानं हसायची, रडायची जागा गेली.

आणि आपल्या भागात तर आणखी एक मतदार आहे. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेली, कारखान्याच्या आसपास कोपीत राहणारी, अंधारात उठून फडात जाणारी बाई. 'सामना'त साखर कारखानदाराचा रुबाब जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांनी नेमका पकडला, म्हणून आपण त्याला यादीत मानाचं पान देतो. ते योग्यच आहे. पण त्या साखरेचा ऊस तोडणारीला कुणी विचारलं आहे, की बाई गं, तुझा आवडता सिनेमा कोणता?

मतदारयादी वाढली की काय होतं

यावर कुणी म्हणेल, बायकांना विचारलं तरी यादी तीच येईल. याला एक चांगलं उत्तर परदेशातून मिळालं आहे. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगातल्या सर्वोत्तम चित्रपटांसाठी कौल घेतं. हा कौल सर्वसामान्य प्रेक्षकांचा नसतो, समीक्षक आणि अभ्यासकांचा असतो, हे खरं. पण आपल्या मुद्द्याला तो उपयोगी पडतो. २०१२ मध्ये ८४६ जणांनी मतं दिली होती आणि हिचकॉकचा 'व्हर्टिगो' पहिला आला होता. २०२२ मध्ये मतदारांचा परीघ मुद्दाम वाढवला गेला, मतदार १६०० च्या वर गेले, आणि पहिला आला बेल्जियमच्या शांताल आकेरमान या दिग्दर्शिकेचा १९७५ सालचा 'जान दिएलमान'. मागच्या खेपेला तो पहिल्या तिसातही नव्हता. स्त्रीनं दिग्दर्शित केलेला चित्रपट या कौलात पहिला येण्याची ही पहिलीच वेळ.

त्या सिनेमात काय आहे? एक विधवा घरकाम करते. बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरुणं घालते, आणि घर चालावं म्हणून शरीरही विकते. तीन दिवसांची गोष्ट, तीन तासांच्या वर लांबी. बटाटे सोलणं पडद्यावर पूर्ण वेळ दाखवलेलं आहे. निकाल लागल्यावर काहींनी ओरड केली, की हा कौल सिनेमाचा नाही, राजकारणाचा आहे. म्हणजे पन्नास-साठ वर्षं बहुतांशी पुरुषांनी पुरुषांचे सिनेमे निवडले तेव्हा ती 'अभिरुची', आणि बाईचा सिनेमा वर आला की लगेच 'राजकारण'! हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. ग्रामपंचायतीत बाई सरपंच झाली की हेच ऐकू येतं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'दोघी' १९९५ सालचा. घर चालावं म्हणून मुंबईला पाठवलेली मोठी बहीण, तिच्या पैशावर जगणारं आणि तिलाच नाकारणारं घर. असे सिनेमे गावागावांतल्या थिएटरांत लागले असते, तंबूत पोचले असते, तर लोकप्रियतेची यादी आहे तशीच राहिली असती का? न पाहिलेल्या सिनेमाला मत मिळत नाही. आणि मग 'लोकांना असले सिनेमे नको असतात' हा निष्कर्ष काढायला सगळे मोकळे.

बायकांचं मत आपल्याला न आवडणारं निघालं तर?

निघेल, नक्की निघेल. मनमोकळेपणानं विचारलं तर पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी जणी 'माहेरची साडी' म्हणतील. १९९१ सालचा, विजय कोंडके यांचा, अलका कुबल यांचा हा सिनेमा बायांनी डोक्यावर घेतला. मुळात तो एका राजस्थानी सिनेमावरून घेतलेला, पण इथल्या बायांना तो आपलाच वाटला. सोसणाऱ्या सुनेला देवी करून ठेवणाऱ्या या सिनेमावर स्त्री चळवळीत टीका झाली, आणि ती रास्तच होती. सोसणं हा गुण नाही, हे आपण आजही ठासून सांगू.

पण मतदाराला झापून मतदान सुधारत नाही. त्या सिनेमात बाया रडल्या त्या कशासाठी? सासुरवास पडद्यावर पाहून त्यांनी तो आदर्श मानला, की आपल्यावर जे गुदरलं ते अखेर कुणीतरी मोठ्यानं म्हटलं म्हणून त्यांना हुंदका आला? घरी रडायची चोरी होती. थिएटरच्या अंधारात शेजारची अनोळखी बाईही रडत होती, तेव्हा आपण एकट्या नाही एवढं तरी कळलं. ही जाणीव आपल्या शिबिरांतल्या पहिल्या दिवसाच्या गप्पांहून फार वेगळी नाही. फरक पुढे पडतो. सिनेमा संपल्यावर ती बाई त्याच घरी परत गेली. रडण्याच्या पुढचं बोलणं कुणी केलं नाही. ते आपलं काम होतं आणि आहे.

२०२३ च्या जूनअखेरीस आलेल्या 'बाईपण भारी देवा'चंही तसंच. लेखन वैशाली नाईक यांचं, दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. सत्तर कोटींच्या वर कमाई झाली ती बहुतांशी बायांच्या तिकिटांवर. भिशीचे गट, बचत गट, सोसायट्यांतल्या मैत्रिणी नटूनथटून एकत्र गेल्या. सिनेमातलं जग एका ठरावीक जातीवर्गाचं आहे, दलित, मुस्लिम, कष्टकरी बाई त्यात नाही, ही टीका करायलाच हवी. पण 'बायकांचा पिक्चर' म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या ओळीत आपण उभं राहायचं कारण नाही. बायकांनी स्वतः ठरवून, स्वतःच्या पैशानं, घरी सांगून एकत्र बाहेर पडणं ही गोष्ट लहान नाही.

पसंती म्हणजे संमती नव्हे

उलट बाजूही पाहायला हवी. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आज कुणाच्याही यादीत असतो. २९ एप्रिल २०१६ ला तो आला. चित्रीकरण आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या करमाळ्याच्या परिसरात झालेलं. आर्चीचा ट्रॅक्टर, तिची बुलेट, तिचा ठसका, सगळं आपल्या बोलीतलं. गाण्यांवर नाचलं नाही असं लग्न त्या वर्षी सापडणं कठीण होतं. पण त्याच्या दोनच वर्षं आधी, २८ एप्रिल २०१४ ला, आपल्याच जिल्ह्यात जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला सतरा वर्षांच्या एका दलित मुलाला वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून मारून टाकलं गेलं. २०१७ मध्ये साक्षीदार उलटले आणि आरोपी निर्दोष सुटले.

'सैराट'ला मत देणारा जिल्हा आणि साक्ष फिरवणारा जिल्हा एकच. 'आवडला' म्हणजे काय आवडलं? गाणी? आर्चीचं धाडस? की शेवटानंतर थिएटरात पसरलेली शांतता? घरच्या मुलीनं आर्चीसारखं वागलं तर चालेल का? यादी यातलं काहीच सांगत नाही. ती फक्त क्रमांक सांगते. क्रमांकाच्या मागचं कारण विचारलं की खरी चर्चा सुरू होते, आणि ती सुरू करायला सिनेमासारखं साधन नाही. 'आंतरजातीय विवाहावर तुमचं मत काय' म्हटलं की बाया गप्प बसतात. 'आर्चीनं पळून जायला हवं होतं का' म्हटलं की सासू-सून दोघी बोलायला लागतात.

तर मग आपली यादी

म्हणून सुचवायचं ते एवढंच. येत्या तीन महिन्यांत आपापल्या गावात बायांची यादी करू या. बेलापुरात करू, तुम्ही तुमच्याकडे करा. बचत गटाची बैठक, अंगणवाडी, मुलींचं वसतिगृह, शाळा-कॉलेज, आणि हंगाम असेल तर ऊसतोडीच्या कोप्या, यांतली एकही जागा वगळायची नाही. लिहिता येत नाही म्हणून कुणाचं मत बुडता कामा नये. सिनेमांची चित्रं मांडा, प्रत्येकीच्या हातात ज्वारीचे तीन दाणे द्या आणि आवडत्या चित्रापुढे ठेवायला सांगा. आधी घरातल्या जाणत्या बाईनं दाणे टाकले की सुना तिच्याच मागे जातात, तेव्हा चित्रं आडोशाला ठेवा. नावं लिहून घेऊ नका, वय मात्र विचारा.

दाणे मोजून झाले की थांबू नका. तीन प्रश्न विचारा. हा सिनेमा कुणाबरोबर पाहिलास? तिकिटाचे पैसे कुणी दिले? आणि तुझ्या हातात असतं तर शेवट काय केला असतास? 'माहेरची साडी'तली सून शेवटी मरते. तिला कुठे जाता आलं असतं, कोण तिला दार उघडून देणार होतं, यावर एक संध्याकाळ बोलणं होऊ शकतं. मग पुढच्या बैठकीला 'उंबरठा' लावा. घर सोडून महिलाश्रमाच्या कामाला गेलेल्या आणि परतल्यावर नवरा दुसरीचा झालेला पाहून पुन्हा बाहेर पडलेल्या सुलभा महाजनबद्दल त्याच बाया काय म्हणतात ते ऐका. 'स्वार्थी' म्हणतील, 'बरोबर केलं' म्हणतील, दोन्ही लिहून घ्या. १९३७ च्या 'कुंकू'त शांता आपटेंच्या नीरानं म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायचं नाकारलं होतं. बालविवाह अजून थांबलेले नाहीत, तेव्हा आजच्या शाळकरी मुलींना तीही दाखवा.

या याद्या अंकाकडे पाठवा. त्यांत कोणता सिनेमा पहिला येतो याची उत्सुकता आहेच. पण त्याहून मोठा उपयोग असा, की पुढच्या वेळी कुणी "प्रेक्षकांना हेच आवडतं" म्हणालं, तर आपण कागद पुढे करून विचारू शकू: कोणत्या प्रेक्षकांना? आमच्याकडे ही यादी आहे. तुमची मतदारयादी दाखवा.