नऊ किलोमीटरचा हिशेब

गेल्या अंकात या सदरात बँकखात्यांच्या नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. त्यावर काही वाचकांचे दूरध्वनी आले. त्यांपैकी एका सद्गृहस्थांचा प्रश्न मात्र वेगळाच होता. तीन पिढ्यांपासून शहरात स्थायिक झालेल्या या गृहस्थांना मातोश्रींच्या स्मरणार्थ मूळ गावच्या शाळेला एक खोली बांधून द्यावयाची होती. रक्कम एकदम द्यावी की ठेवीत ठेवून व्याजातून बांधकाम करावे, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी त्यांना सहज विचारले, ‘‘शाळेला खोली कमी पडते का?’’ ते क्षणभर थांबले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, ‘‘ते विचारलेले नाही.’’

त्यांच्या या उत्तराने मला माझ्या नोकरीतील एक जुनी नोंद आठवली. ती कोणत्याही खतावणीत नाही, परंतु माझ्या खाती मात्र नावे पडलेली आहे. आज ती वाचकांसमोर मांडतो.

१९९५ साली माझी बदली जत तालुक्यातील एका लहान शाखेत झाली. सांगली जिल्ह्याचा हा पूर्वभाग कायमचा अवर्षणप्रवण. एका पावसावर शाळू पिकवायचा, दुसरा पाऊस आला नाही तर जनावरे विकायची आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला निघायचे, असा तेथील अनेक घरांचा वर्षक्रम होता. शाखेच्या कार्यक्षेत्रातील एका गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत होती. हायस्कूल नऊ किलोमीटरवर, बाजाराच्या गावी. मुलगे सायकलने किंवा चालत जात. मुलींचे शिक्षण बहुधा सातवीलाच पूर्ण झाले असे समजले जाई.

एके दिवशी त्या गावचे एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन शाखेत आले. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू. अंगठाबहाद्दर गृहस्थ, परंतु व्यवहाराला चोख. मुलगी सातवीत होती. तिने माझ्या टेबलावर पासबुक ठेवले आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, ‘‘साहेब, आमच्या दादांनी मार्चमध्ये अकराशे भरलेत. पावती हाय. हितं जमा दिसत नाहीत.’’ मी खतावणी मागवली. रक्कम दुसऱ्याच एका खात्यात, नामसाधर्म्यामुळे, जमा झाली होती. आमच्या कारकुनाच्या, तपासनिसाच्या आणि माझ्याही नजरेतून सुटलेली चूक त्या मुलीने शोधली होती. मी नोंद दुरुस्त केली, तिला एक पेन दिले आणि सहकाऱ्यांना सांगितले, ‘‘ही पोर उद्या आपल्या खुर्चीत बसेल.’’ सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या जूनमध्ये अण्णा एकटेच आले. बराच वेळ बाकावर बसून होते. गर्दी ओसरल्यावर जवळ आले. म्हणाले, ‘‘साहेब, पोरगीला तालुक्याला वसतिगृहात ठेवावं म्हणतोय. वर्षाचं तीन हजार लागतील. पीककर्जातच तेवढं जादा धरा की.’’ मी त्यांना नियम समजावून सांगितला. पीककर्ज हे पिकासाठीच असते, त्याची मर्यादा क्षेत्रावर आणि पिकावर ठरते आणि शाळेच्या शिक्षणासाठी कर्ज देण्याची आमच्याकडे योजना नाही. यातील एकही वाक्य खोटे नव्हते. अण्णा ‘‘बरं’’ म्हणून उठले.

वर्षभराने ते हळदकुंकू लावलेली लग्नपत्रिका घेऊन आले. मुलगी चौदा वर्षांची होती. शेजारच्या वस्तीवर मामाच्या मुलाला दिली होती. मुलीचे वय अठरा पूर्ण असल्याखेरीज विवाह करता येत नाही, हे मला ठाऊक होते. मी ते बोललो नाही. लग्नाला गेलो, जेवलो आणि एकशे एक रुपयांचा आहेर करून संध्याकाळच्या गाडीने परतलो. त्या वर्षीच्या लेखापरीक्षणात माझ्या शाखेवर एकही आक्षेप नव्हता.

खेड्यातील शिक्षणाचा प्रश्न मुळात पैसा कोणाचा आणि तो कोणासाठी खर्च होतो याचा प्रश्न आहे, हे महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढील निवेदनात सांगितले होते. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या श्रमातून येतो, परंतु शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, असे त्यांचे म्हणणे होते. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करावे अशी त्यांची मागणी होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून ती कल्पना प्रत्यक्षात आणण्यास प्रारंभ केला. आणि ज्यांनी रयतेच्या पोरासाठी शाळा त्याच्या दारापर्यंत नेली, ते कर्मवीर भाऊराव पाटील तर आपल्याच समाजात, १८८७ मध्ये कुंभोज येथे जन्मले.

कर्मवीरांचे चरित्र या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये ते शिकत होते, हे आपण अभिमानाने सांगतो. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर स्नान करण्यास नकार दिल्यामुळे त्यांना ते बोर्डिंग सोडावे लागले, हे मात्र आपण तितक्या अभिमानाने सांगत नाही. १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंक्तीत बसवणारे वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्या वसतिगृहाला भेट दिली.

मला, एक वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून, त्यांच्या कार्यातील वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. शाळेचा खर्च दोन प्रकारचा असतो. इमारत, बाके, फळा हा भांडवली खर्च. तो एकदा करून भागते. शिक्षकाचे वेतन, मुलांचे जेवण, वह्या, जाण्यायेण्याचा खर्च हा आवर्ती खर्च. तो दर महिन्याला, न चुकता उभा राहतो. भांडवली खर्चावर संगमरवरी पाटी लावता येते. आवर्ती खर्चावर पाटी कोठे लावणार? म्हणून देणगीदार पहिल्याकडे वळतात आणि दुसरा अपुरा राहतो. भाऊरावांनी आवर्ती खर्चाला आवर्ती उत्पन्न जोडले. घरोघरी दळणाच्या वेळी मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढण्याची पद्धत त्यांनी रुजवली. विद्यार्थ्यांनी शेतात व बांधकामावर काम करून आपला खर्च भागवावा ही ‘कमवा आणि शिका’ योजना त्याच विचारातून आली. हे उत्पन्न अपुरे पडले तेव्हा काय झाले, हेही आपण जाणतो. बोर्डिंगातील मुलांसाठी धान्य आणायला लक्ष्मीबाईंनी दागिने दिले आणि अखेरीस गळ्यातील मंगळसूत्रही दिले. त्या धान्यावर कोणाचे नाव कोरलेले नव्हते.

आता पुन्हा जत तालुक्याकडे येतो. निवृत्तीनंतर, दोन वर्षांपूर्वी, एका सहकाऱ्याकडील कार्यासाठी त्या भागात जाणे झाले. मुद्दाम वाट वाकडी करून त्या गावी गेलो. तालुक्याच्या काही भागात म्हैसाळ योजनेचे पाणी आले आहे. त्या गावातही दोन-चार द्राक्षबागा दिसल्या. शाळेला आठवीचा वर्ग जोडला गेला आहे. अण्णा हयात नाहीत. त्यांची मुलगी वस्तीवर असते असे कळले, म्हणून तेथे गेलो. तिने मला ओळखले. चहा झाला. पेनाची आठवण तिनेच काढली. मी ज्या गोष्टीसाठी गेलो होतो ती बोलायला शब्द जुळेनात. अखेर म्हणालो, ‘‘ताई, त्या वेळी मी तुमच्या वडिलांना नुसता नियम सांगितला. आणखी काही करता आले असते. ते केले नाही.’’ ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘दादा कधी तुम्हाला बोल लावत नव्हते. पण घरी येऊन त्या दिवशी जेवले नाहीत.’’

यावर मी काय बोलणार? विषय बदलण्यासाठी म्हणून मी तिच्या मुलांची चौकशी केली. धाकटी मुलगी नुकतीच आठवी उत्तीर्ण झाली होती. ‘‘आता नववीला?’’ असे विचारले, तेव्हा तिने रस्त्याकडे पाहिले. हायस्कूल त्याच ठिकाणी आहे, नऊ किलोमीटरवर.

येथे कायद्याची स्थिती समजून घेणे उपयुक्त ठरेल. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयोगटातील प्रत्येक बालकाला आठवीपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असा दंडक आहे. परंतु आठवीनंतर हा हक्क संपतो आणि अंतराचे बंधनही संपते. नववीत न गेलेली मुलगी या कायद्याच्या दृष्टीने ‘शाळाबाह्य बालक’ राहत नाही. ती हिशेबातूनच बाहेर जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचे ध्येय ठेवले आहे खरे. परंतु ध्येय आणि हक्क यांत अंतर आहे. दुसऱ्या बाजूने, वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार राज्यात २०२३ मध्ये पुढे आला. शाळा मोठी होईल, शिक्षक वाढतील, हे त्याचे समर्थन समजण्यासारखे आहे. मात्र शाळा दूर गेली की प्रथम कोण गळते, हे मी १९९६ मध्ये पाहिलेले आहे.

मुलींना एस. टी.चा मोफत पास मिळतो. ही योजना चांगली आहे आणि तिने अनेक मुली शिकल्या. या गावच्या मुलींनाही पास मिळू शकत होता. परंतु सकाळची गाडी शाळा भरून तास झाल्यावर पोहोचे आणि परतीची गाडी अंधार पडल्यावर निघे. वडापची जीप होती. जीपवाला बाजारकरी आणि दूध घालणारी माणसे नेतोच. ठरावीक मुलींची खात्री असेल तर शाळेच्या वेळा सांभाळीन आणि दरमहा प्रत्येकी सहाशे रुपये घेईन, असे तो म्हणाला. नववी-दहावीच्या मिळून अकरा मुली होत्या. मी तिच्याच मुलीच्या वहीच्या पाठीमागे आकडे मांडले. अकरा मुली, सहाशे रुपये, दहा महिने : वर्षाचे ६६,००० रुपये.

ही रक्कम ठेवीच्या व्याजातून उभी करायची तर सात टक्के दराने सुमारे ९ लाख ४३ हजारांची ठेव लागते. एवढे भांडवल माझ्याजवळ नव्हते. परंतु पन्नास घरांनी दरमहा ११० रुपये दिले तर वर्षाला बरोबर ६६,००० होतात. ही मूठभर धान्याचीच आजची मूठ. घरी परतल्यावर निवृत्त सहकारी, सोसायटीतील शेजारी आणि नातेवाईक अशी यादी केली. पन्नास नावे जमायला पाच आठवडे लागले. अनेकांनी ‘‘एकदम पाच हजार घ्या आणि मोकळे करा’’ असे सांगितले. मी नम्रपणे नकार दिला. मोकळे व्हायचे नाही, हीच त्यातील अट होती. पैसे जीपवाल्याला थेट न देता शाळा व्यवस्थापन समितीतील तीन मातापालकांच्या संयुक्त खात्यात जमा होतात. प्रत्येक महिन्याची हजेरी पाहून त्या जीपवाल्याचे पैसे चुकते करतात. त्या खात्याच्या तीन स्वाक्षऱ्यांपैकी एक स्वाक्षरी अण्णांच्या मुलीची आहे.

यश किती आले, तेही सांगतो. कारण ताळेबंदात केवळ जमेची बाजू दाखवता येत नाही. पहिल्या वर्षअखेर अकरांपैकी नऊ मुली टिकल्या. दोघी दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेल्या. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात दुसरे कोणी नव्हते. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना आहे; परंतु लहान भावंडे आईजवळच राहणार आणि आई फडात राबणार, म्हणून मोठी बहीण सोबत जाते. येथे जीप उपयोगाची नाही. त्या दोघींसाठी काय करावे, याचे उत्तर आम्हाला अजून सापडलेले नाही. पन्नास वर्गणीदारांपैकी सहा जण आठ महिन्यांत थांबले. त्यांच्या जागी चौघे मिळाले, दोन जागा रिकाम्या आहेत.

आपल्या परंपरेत शास्त्रदानाला मोठे स्थान आहे. ग्रंथ छापून वाटणे, पाठशाळा चालवणे ही त्याची रूपे आपण श्रद्धेने जपतो. नववीच्या वर्गापर्यंत मुलगी पोहोचवणे हेही त्याचेच एक रूप मानण्यास हरकत नसावी, असे मला नम्रपणे वाटते.

दूरध्वनी करणाऱ्या त्या सद्गृहस्थांना मी खोली बांधू नका असे सांगितले नाही. गावी जाऊन मुख्याध्यापकांना तीन आकडे विचारा, एवढेच म्हणालो : गेल्या वर्षी आठवीत मुली किती होत्या, यंदा नववीत किती गेल्या आणि हायस्कूल किती किलोमीटरवर आहे. गेल्या आठवड्यात त्यांचा पुन्हा दूरध्वनी आला. आठवीत चौदा, नववीत सहा, अंतर सात किलोमीटर. खोलीचा नकाशा त्यांनी तूर्त बाजूला ठेवला आहे आणि जीपवाल्याचा शोध सुरू केला आहे.

वाचकांपैकी ज्यांचे मूळ गाव अद्याप सातबाऱ्यावर किंवा निदान आठवणीत शिल्लक आहे, त्यांनी येत्या सुटीत हे तीन आकडे विचारून यावेत, अशी विनंती आहे. मला कळवल्यास पुढील हिशेब मांडून देण्यास मी केव्हाही तयार आहे. अण्णांची नात येत्या मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला बसेल. तिच्या आईने कळवले आहे की गणितात ती चांगली आहे.