चालण्याला कमी लेखू नका

हल्ली पेडण्या-डिचोलीतसुद्धा पहाटे धावणारी तरुण पोरं दिसतात. बरं वाटतं बघून. पण त्यांच्याकडे बघून आमच्या वयाचे लोक म्हणतात, "चालणं हा काय व्यायाम? धावणं जमत नाही, मग घरी बसलेलं बरं." हे मला मुळीच पटत नाही.

जन्म बँकेत गेला, म्हणून आधी हिशेब. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. झपाझप चालणं त्यातच आलं. धावण्यासारखा जोराचा असेल तर ७५ मिनिटं पुरतात. म्हणजे धावणाऱ्याचा निम्मा वेळ वाचतो, एवढंच. आता निवृत्त माणसाने वेळ वाचवून ठेवायचा कुठे, फिक्स डिपॉझिटमध्ये? शिवाय चालताना एक तरी पाय कायम जमिनीवर असतो. धावताना दोन्ही क्षणभर सुटतात आणि मग वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो. जुन्या गुडघ्यांवर हा बोजा कशाला? दहा हजार पावलांचंही टेन्शन नको. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र खपवताना निघाला. आपल्या साखळी-डिचोलीकडून आषाढीला पायी पंढरपूरला जाणारे वारकरी कधी पावलं मोजत बसले?

पण खरी मजा हिशेबाबाहेरची. धावणाऱ्याला कोणी हाक मारत नाही. मारली तरी तो हात हलवून पुढे. आम्हाला दर दोन घरांमागे "खंय चल्लात?" ऐकू येतं. कोणाच्या सुनेला नोकरी लागली, कोण आठ दिवस बाहेर दिसला नाही, सगळं कळतं. मयेच्या तळ्याकाठी तर थांबत-थांबतच चालावं, ते पाणी धावत बघायचं नाहीच.

बायको गेल्यावर आमचा एक मित्र घराबाहेर पडेना. "पळायला चल" म्हटलं असतं तर त्याने दार लावून घेतलं असतं. "भगवतीच्या देवळापर्यंत येतोस?" म्हटलं, तर चप्पल घालून आला. पहिले पंधरा दिवस एक शब्द बोलला नाही. मीही विचारलं नाही. चालताना गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. आता पहाटे तोच माझी बेल वाजवतो.

फक्त एक सांभाळा. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्याकडे टॅक्सींची वर्दळ वाढलीय, आणि पदपथ बहुतेक ठिकाणी नाहीच. समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा उजव्या कडेने चला, आणि अंधार असेल तर पांढरा शर्ट घाला.