ओढण्याआधी तोल

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, तेव्हापासून चाकांवरच्या घराची हौस आपल्याकडेही रुजू लागली आहे. उद्या कोणी पेट्रोलच्या पिकअप गाडीमागे असे मोठे घर जोडून आंबोली घाट उतरेल आणि सावंतवाडी, रेडीवरून आमच्या तेरेखोलास येईल. त्या पाहुण्याचे स्वागतच आहे. मात्र त्याने निघण्यापूर्वी आपल्या जुन्या गाडीवानाचा धडा गिरवावा, असे आम्हांस वाटते.

बैलगाडीत ओझे मागे सरले की गाडी उलार होते. पुढे सरले की धुरजड होऊन बैलांच्या माना दबतात. ट्रेलरचा न्यायही हाच. त्याच्या एकूण वजनाचा शेकडा १० ते १५ भाग जोडावर पडावा. याहून कमी पडल्यास ट्रेलर वेगात डोलू लागतो व ओढणाऱ्या गाडीलाच फरफटवतो. फार पडल्यास पुढची चाके हलकी होऊन गाडी वळणावर नीट ऐकत नाही.

चढावर इंजिनाची शक्ती दिसते, तर उतारावर चालकाचा विवेक. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा; अवजड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत. अरुंद रस्त्यावर समोरून शाळेची मुलेही चालत येत असतात, याचे भान सुटू नये.

विद्यार्थिमित्रहो, किती ओढता येते याची फुशारकी कोणीही मारील. आपल्याला किती आवरता येते, हे ज्याने आधी पाहिले, त्याच्याच मागे घर बांधावे.