मेण जाते कुठे?

गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारले, "टीचर, मेणबत्तीतले मेण जळून जाते कुठे?" धडे मागे पडले होते. "नंतर सांगते," म्हणून मी तिला बसवले. ते 'नंतर' वर्षभर आलेच नाही.

सुटीत 'द केमिकल हिस्टरी ऑफ अ कँडल' वाचले आणि ती मुलगी आठवली. मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनमध्ये मुलांसमोर सहा व्याख्याने दिली, त्यांचेच हे पुस्तक. विषय एकच, मेणबत्ती. मेण वितळते, वातीतून वर चढते, त्याची वाफ होऊन जळते; शेवटी पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत मिसळते. मेणबत्ती फुंकताच निघणाऱ्या धुराजवळ पेटती काडी धरली, तर ज्योत धुरातून वातीवर उतरते!

फॅरेडे लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात कामाला लागले. बांधायला आलेली पुस्तके ते वाचत. त्यातच जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्राचे पुस्तक हाती आले. एक बाई दोन मुलींशी गप्पा मारत विज्ञान समजावते, असे. त्यानेच या विषयाचा पाया घातला, असे फॅरेडे पुढे सांगत.

आपल्या घरात गाइडे दरवर्षी येतात. यंदा असे एखादे पुस्तकही आणा. मराठीत जयंत नारळीकरांचे 'आकाशाशी जडले नाते' आहे. मुलांना जवळ घेऊन वाचा. उत्तर येत नसेल, तर "चल, मिळून शोधू," म्हणा.

ती मुलगी आता आठवीत आहे. सोमवारी मेणबत्ती आणि काडेपेटी घेऊन तिच्या वर्गात जाणार आहे.