एकचाकीस पायडल कोणते?

एकचाकी सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सर्कशीचा तंबू उभा राहतो. झगमगीत पोशाखातील एखादी मुलगी उंच एकचाकीवरून, दोन्ही हात पसरून, रिंगणाला फेऱ्या घालते आणि आपण टाळ्या पिटतो. तिच्या पायांखाली काय आहे, इकडे कोणाचेच लक्ष जात नाही. आम्ही येथे लिहिणार आहो ते नेमके त्या पायांखालच्या वस्तूविषयी. मात्र आमची एकचाकी सर्कशीतली नव्हे. ती ‘ट्रायल्स’ या खेळाची आहे, आणि तिचे पायडल निवडताना आमच्या हातून एक चूक घडली, म्हणून हा लेख.

ट्रायल्स हा शब्द मोटारसायकलच्या खेळातला. त्यात वेगाला महत्त्व नाही. बिकट जागेवरून पाय न टेकता वाहन पार नेणे, ही त्यातील कसोटी. मोटारसायकलवरून हा खेळ सायकलीवर आला आणि १९९० नंतरच्या दशकात कॅनडातील क्रिस होल्म यांच्यासारख्या स्वारांनी तो एकचाकीवर रुजविला. खडक, रचलेले ओंडके, लाकडी फळ्यांचे ढीग, चार बोटे रुंदीचे कठडे यांवरून स्वार चाकासकट उड्या मारीत जातो. १९८४ साली सुरू झालेल्या ‘युनिकॉन’ या जागतिक एकचाकी मेळाव्यात याचे सामने होतात. ठरलेल्या वेळात जो अधिकाधिक अडथळे आपले अंग जमिनीला अथवा अडथळ्याला न लावता पार करील, तो जिंकला, असा साधा हिशेब असतो.

या खेळाची एकचाकी बुटकी आणि दणकट असते. चाक एकोणीस इंची म्हणून ओळखले जाते, टायर अडीच इंच जाड, आणि पायडल ज्या दांड्यावर बसते तो क्रँक साधारण १२५ ते १४० मिलिमीटर लांबीचा. तिला साखळी नसते आणि पायडल न मारता चाक मोकळे फिरावे अशी सोयही नसते. चाक फिरले की पायडल फिरणार, आणि पायडल थांबले की चाक थांबणार. साध्या सायकलीवर आपले वजन बैठक, हँडल आणि पायडले यांत वाटले जाते. येथे उडी मारताना स्वार बैठकीवरून उठलेला असतो, एक हात बैठकीच्या मुठीवर असतो, आणि सारा देह तळहाताएवढ्या दोन पट्ट्यांवर तोललेला असतो. तीन हात उंचीवरून खाली आल्यावर बसणारा हिसकाही त्या दोन पट्ट्यांनाच सोसावा लागतो. म्हणून पायडल ही एकचाकीतील किरकोळ वस्तू आहे, असे कोणी मानू नये. आम्ही तसे मानले होते.

आमच्या भाच्याच्या काकांनी इंग्लंडहून त्याच्यासाठी अशी एकचाकी आणावयाचे ठरविले, तेव्हा पायडले कोणती घ्यावी हे विचारण्याकरिता त्यांनी आम्हांस फोन केला. मामा शिक्षक, तेव्हा त्यास सर्व ठाऊक असणार, ही समजूत! आम्ही चित्रे पाहिली आणि त्यांतील सर्वांत देखणी, सर्वांत महाग अशी ॲल्युमिनियमची पायडले सुचविली. त्यांच्या प्रत्येक अंगावर आठ-दहा पोलादी खिळे उभे होते. बुटाचा तळ त्यांत असा रुतेल की पाय हलावयाचा नाही, असे त्यांचे वर्णन होते. आणि पाय न हलणे हेच हिताचे, असे आम्हांस वाटले. पहिल्याच आठवड्यात अंगणातल्या चिऱ्याच्या पायरीवर चढताना भाच्याचा पुढचा पाय सुटला, चाक मागे वळले, त्यासरशी पायडल वर आले आणि खिळ्यांची रांग नडगीवरून फिरली. पाच टाके पडले. आमच्या घरात बोलणे कोकणीत चालते, आणि कोकणीत बहिणीचे रागावणे फार थोडक्या शब्दांत उरकते. एकचाकी माळ्यावर गेली व संपूर्ण पावसाळा तेथेच राहिली.

त्या पावसाळ्यात आम्ही जे वाचले आणि जाणत्या स्वारांकडून जे समजून घेतले, त्यावरून आमचे मत बनले. ते असे, की शिकाऊ मुलास पहिली पायडले प्लास्टिकची द्यावी. आमचे काही तरुण मित्र या मताशी सहमत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे आम्ही आधी मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. ते म्हणतात, नडगी फुटते ती खिळ्यांमुळे नव्हे, पाय घसरल्यामुळे; आणि खिळ्यांवर पाय कमी घसरतो. प्लास्टिकच्या पायडलावर पकडीसाठी जे उंचवटे असतात ते त्याच साच्यातून निघालेले असतात. काँक्रीटच्या कडांवर आपटून काही महिन्यांत ते बोथट होतात, आणि पावसात तर त्यांच्यावर भरवसाच ठेवता येत नाही. धातूच्या पायडलाचा एखादा खिळा वाकला तर तेवढाच बदलता येतो. शिवाय कुशल स्वार उडी मारून आधी पायडलाचीच कड अडथळ्यावर रोवतो, क्षणभर तेथे तोल साधतो आणि मग चाक वर घेतो. या कामात धातूचे पायडल दगडाला जशी मिठी मारते, तशी प्लास्टिकचे मारीत नाही.

हे सर्व खरे आहे. परंतु ज्यास अजून पायरीवर चढता येत नाही, त्यास पायडलाची कड भिंतीवर रोवण्याचा प्रश्न कोठून येणार? शिकाऊ मुलाची अडचण निराळीच असते. त्याचा पाय पायडलावर योग्य जागी पडतच नाही. चवड्याऐवजी टाचेजवळचा भाग टेकतो, नाही तर पाऊल इतके आत जाते की घोटा क्रँकला घासतो. प्लास्टिकवर तो पाय जागच्या जागी सरकवून नीट करू शकतो. खिळ्यांवर एकदा रुतलेला पाय उचलल्यावाचून हलत नाही, आणि नवशिक्याने पाय उचलला की तो पडलाच. दुसरे असे की या खेळात पडणे हा शिक्षणाचाच भाग आहे. दहांतील नऊ वेळा मुलगा एकचाकी सोडून पायांवर उतरतो, आणि ते उतरणे तत्काळ व्हावे लागते. याच कारणाने शर्यतीच्या सायकलींवर पाय अडकविण्याचे पट्टे अथवा खटके असतात, ते येथे कधीही लावू नयेत. आणि पाय घसरावयाचाच असेल, तर तो पन्नास वेळा घसरेल हे धरून चालले पाहिजे. बोथट प्लास्टिकखाली नडगी काळीनिळी पडते. पोलादी खिळ्याखाली ती फाटते. काळ्यानिळ्या नडगीचा मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगणात उतरतो. फाटलेल्या नडगीच्या मुलाची एकचाकी कोठे जाते, ते वर सांगितलेच आहे.

पैशाचाही विचार आहे. बरी धातूची जोडी ज्या किमतीस येते, तिच्या निम्म्याहूनही कमीत प्लास्टिकची जोडी मिळते. उरलेल्या पैशातून नडगीचे पॅड आणि सपाट रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट घ्यावे. शाळेचे काळे चामडी बूट यास मुळीच चालत नाहीत. त्यांच्या कठीण तळाला पायडल कोणतेही असो, ते धरीत नाही. बुटाच्या नाड्या आत खोचाव्या. लोंबती नाडी क्रँकभोवती गुंडाळली गेली की स्वार पायांवर उतरूच शकत नाही. (नाड्या बांधा असे वर्गात आम्ही रोज सांगतो, ते एवढ्या उपयोगाचे असेल असे आम्हांसच वाटले नव्हते.)

प्लास्टिक म्हणजे कोणतेही प्लास्टिक मात्र नव्हे. मुलांच्या स्वस्त सायकलीला येणारी पोकळ पायडले दोन उड्यांत तुटतील. बीएमएक्स सायकलींसाठी नायलॉनची किंवा पॉलिकार्बोनेटची जी भरीव पायडले बनवितात ती पाहावी. सुमारे दहा सेंटिमीटर रुंद, मध्यभागी किंचित खोलगट, म्हणजे चवडा आपोआप मधोमध बसतो. खरी परीक्षा आतल्या आसाची. तो क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाचा असावा. वजन वाचविण्यासाठी टायटॅनियमचा आस विकतात, पण तो उड्यांसाठी नव्हे. बेअरिंग किती गुळगुळीत फिरते यावर सायकलवाले फार बोलतात. येथे पायडले बहुतेक वेळ आडवी, स्थिर असतात, तेव्हा त्याची फिकीर करू नये. साध्या सायकलीची रबरी ठोकळ्यांची पायडले तर मनातही आणू नयेत. ती ओल्या बुटाखाली साबणासारखी होतात आणि त्यांचा पत्रा वाकतो.

आता बसविण्याविषयी. हा भाग आम्ही जरा सविस्तर सांगतो, कारण दुसरी चूक येथेच झाली. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर; उजवे आणि डावे पायडल यांत काही अंतर असेल, ही कल्पनाही आम्हांस नव्हती. उजव्या पायडलाचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. माप पाहिले तर बहुतेक ठिकाणी ९/१६ इंच. एकसंध क्रँकच्या काही सायकलींना १/२ इंची लागतात, तेव्हा विकत घेण्याआधी ते तपासावे. डावे आटे उलटे का, हे समजावयाचे तर एक प्रयोग करा. आंगठा आणि तर्जनी यांचे कडे करून त्यात पेन्सिल सैल उभी धरा. आता दुसऱ्या हाताने पेन्सिलीचे वरचे टोक हळूहळू गोल फिरवा, म्हणजे ती कड्याच्या कडेकडेने घरंगळेल. टोक ज्या दिशेने फेरी घालते, तिच्या उलट दिशेस पेन्सिल स्वतःभोवती वळत असल्याचे दिसेल. क्रँकच्या भोकात पायडलाचा आस अगदी असाच, डोळ्यांस न दिसण्याइतका, घरंगळत असतो. आटे योग्य बाजूचे असले तर या घरंगळण्याने तो आवळत जातो. बाजू चुकली तर सैल होत जातो.

साध्या सायकलीत बाजू चुकणे कठीण, कारण तिला पुढचे मागचे कळते. एकचाकी दोन्हीकडून सारखीच दिसते. प्लास्टिकची पायडले आल्यावर बहिणीचे मन वळले, माळ्यावरून एकचाकी खाली आली, आणि आम्ही मोठ्या हौसेने चाक सांगाड्यात बसविले. ते उलटे बसले. डावा क्रँक उजवीकडे गेला. आस्ते आस्ते दोन्ही पायडले सैल होऊ लागली. चौथ्या दिवशी एक डगडगते आहे असे भाच्याने सांगितले, तेव्हा आम्ही ‘उद्या पाहू’ म्हटले. उद्यापर्यंत पायडलाच्या पोलादी आट्यांनी क्रँकच्या मऊ ॲल्युमिनियममधील आटे पार खरवडून काढले होते. पायडलास काहीच झाले नाही; क्रँक मात्र नवा घ्यावा लागला, आणि त्यास पायडलांच्या जोडीहून अधिक पैसे पडले.

तेव्हा बैठकीचा मुठीचा भाग पुढे धरून उभे राहावे आणि क्रँकवरील व पायडलांवरील इंग्रजी एल अक्षर डाव्या हाताकडे, आर उजव्या हाताकडे येते की नाही ते पाहावे. आट्यांना थोडे ग्रीस लावावे, सुरुवातीचे चार-पाच फेरे पान्याने नव्हे, बोटांनीच द्यावे. बोटांनी जात नसेल तर ते चुकीचे पायडल आहे. जोर करू नये. मग पाना लावावा आणि तो वरच्या बाजूने पुढे, चाक जिकडे जाणार तिकडे, ओढावा. ही खूण दोन्ही बाजूंस लागू पडते, म्हणून लक्षात ठेवण्यास सोपी. पहिल्या तासाभराच्या सवारीनंतर पुन्हा एकदा आवळावे. प्लास्टिकच्या अंगाला आसाजवळ केसासारखी भेग दिसते का, हे दर आठवड्यास पाहावे. दिसली तर ते पायडल त्याच दिवशी काढून टाकावे.

त्या गोष्टीस आता वर्ष झाले. भाचा तीन पायऱ्या एका दमात चढतो, आणि परवा त्याने कुंपणाच्या ठेंगण्या चिऱ्यांच्या भिंतीवर उजव्या पायडलाची कड टेकवून क्षणभर तोल धरलेला आम्ही स्वतः पाहिला. त्या पायडलाचे उंचवटे घासून सपाट झाले आहेत. साहजिकच त्यास आता कपाटात ठेवलेली ॲल्युमिनियमची जोडी हवी आहे, आणि आमच्या मतेही तिची वेळ आली आहे. त्याच्या आईने दोन अटी घातल्या आहेत: पॅड बांधल्याखेरीज बसावयाचे नाही, आणि चिऱ्यांवर शेवाळ असेतोवर अंगणात उतरावयाचे नाही. पहिली त्याने मान्य केली. दुसरीविषयी मायलेकांत अद्याप बोलणे चालू आहे, आणि मामाने त्यात पडू नये, असे आम्हांस सांगण्यात आले आहे.