दुसऱ्याचं गिऱ्हाईक आपल्या दारात : टेस्लाच्या चार्जरवरून दुकानदाराने काय घ्यावं?



या आठवड्याचा व्हिडिओ अमेरिकेतल्या टेस्ला आणि फोर्डच्या चार्जिंग करारावर आहे. बारा मिनिटांत सगळं बसलं नाही, म्हणून राहिलेलं इथे लिहितोय. व्हिडिओ बघितला नसेल तरी चालेल, पहिल्यापासून सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या दुकानातून माल घेतलेलं गिऱ्हाईक सेवेसाठी आपल्याकडे आलं, तर त्याला परत पाठवू नये. काम करून द्यावं आणि रीतसर पैसे घेऊन करून द्यावं. "जिथून घेतलंत तिथेच जा" हे वाक्य आपल्या बाजारपेठेत रोज ऐकू येतं. ऑनलाइन मिक्सर घेतलेला माणूस कपलर बदलायला आला की आपल्याला राग येतो, आणि तो राग मला समजतो. पण रागाचा हिशेब वेगळा आणि धंद्याचा हिशेब वेगळा.

आधी प्रकरण समजून घेऊ

टेस्लाने २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात स्वतःची फास्ट चार्जिंग स्टेशनं सुरू केली. त्यांना सुपरचार्जर म्हणतात. पिन त्यांची स्वतःची, आणि चार्जिंग फक्त टेस्लाच्या गाड्यांना. बाकीच्या बहुतेक कंपन्या सीसीएस नावाची दुसरी पिन वापरत होत्या. आपल्याकडे एकेकाळी नोकियाचा बारीक पिनचा चार्जर आणि बाकी फोनांचे वेगवेगळे चार्जर असायचे, तसाच प्रकार.

हळूहळू सुपरचार्जरचं जाळं एवढं मोठं आणि भरवशाचं झालं, की कित्येक लोक गाडीपेक्षा चार्जरसाठी टेस्ला घ्यायला लागले. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला स्टेशन सापडणं आणि ते चालू असणं, या दोनच गोष्टी महत्त्वाच्या असतात. सीसीएसवाल्यांची स्टेशनं वेगवेगळ्या कंपन्यांची, पैसे भरायची ॲप वेगवेगळी, आणि बंद पडलेल्या मशीनच्या तक्रारी कायमच्या.

मग नोव्हेंबर २०२२ मध्ये टेस्लाने आपल्या पिनचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं केलं. २५ मे २०२३ रोजी फोर्डचे प्रमुख जिम फार्ली आणि इलॉन मस्क यांनी मिळून जाहीर केलं, की फोर्डच्या गाड्या अडॅप्टर लावून सुपरचार्जरवर चार्ज होतील आणि पुढच्या गाड्यांना टेस्लाचीच पिन बसेल. दोन आठवड्यांत जनरल मोटर्स आली, मग रिव्हियन, आणि त्यानंतर जवळजवळ सगळेच. फोर्डवाल्यांसाठी दार प्रत्यक्षात उघडलं २०२४ च्या फेब्रुवारीअखेर. अमेरिका आणि कॅनडा मिळून १५ हजारांहून जास्त चार्जर एका दिवसात त्यांच्या यादीत आले.

अडॅप्टर हातात आहे म्हणून दार उघडत नाही

हा मुद्दा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लोकांना वाटतं, पिन बदलणारा तुकडा मिळाला की काम झालं. इथे तसं नाही. हा अडॅप्टर फक्त आकार जुळवतो, आत वीज बदलणारं काही नसतं. गाडी कोणती, बॅटरीला किती व्होल्ट पाहिजे, पैसे कोणाच्या खात्यातून जाणार, हे सगळं चार्जर आणि गाडी आपापसात बोलून ठरवतात. टेस्लाच्या जुन्या, दुसऱ्या पिढीच्या चार्जरला बाकीच्या गाड्यांची भाषाच येत नाही, म्हणून ते अडॅप्टर लावूनही चालत नाहीत. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या चार्जरला ती येते, पण तिथेही टेस्लाने त्या कंपनीला परवानगी दिलेली असावी लागते.

म्हणजे दार उघडतं ते कराराने आणि सॉफ्टवेअरने. अडॅप्टर ही शेवटची, हातात दिसणारी वस्तू. आपल्या धंद्यातही असंच असतं. दुसऱ्या कंपनीचा माल दुरुस्त करायचा बोर्ड लावला म्हणजे सेवा सुरू झाली असं नाही. सुटे भाग कुठून येणार, मजुरी किती, वॉरंटी कोणाची, काम बिघडलं तर कोण भरून देणार, हे आधी ठरवलेलं पाहिजे.

टेस्लाने वेडेपणा केला का?

माझ्या बॅचमध्ये हा विषय काढला की निम्मे लोक म्हणतात, एवढी वर्षं खर्च करून जे उभं केलं ते शत्रूच्या हातात दिलं. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. "चार्जर पाहिजे म्हणून टेस्ला घ्या" हे विक्रीचं सगळ्यात मोठं कारण टेस्लाने स्वतःच कमी केलं, हा खरा तोटा आहे.

पण दुसरी बाजू बघा. चार्जर ही जागची वस्तू. जागेचं भाडं, विजेची जोडणी, देखभाल हे सगळं गाडी उभी असो की नसो चालूच राहतं. रिकामा चार्जर म्हणजे रिकामं बसलेलं दुकान. त्यात सरकारी पैशाचाही विषय होता. अमेरिकेच्या २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात रस्त्यांवरच्या चार्जिंगसाठी ५ अब्ज डॉलर ठेवले होते, आणि ते मिळवायचे तर चार्जर एकाच कंपनीच्या गाड्यांपुरते ठेवून चालणार नव्हतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, टेस्लाची पिन हीच तिकडची सर्वमान्य पिन झाली. डिसेंबर २०२३ मध्ये तिकडच्या अभियंत्यांच्या संस्थेने ती जे ३४०० या नावाने मानकात घेतली.

टेस्लाने फुकट काही दिलं नाही हेही बघा. दुसऱ्या गाडीवाल्याला युनिटचा दर जास्त लागतो. दर महिन्याची फी भरली तर तो कमी होतो. घरच्या गिऱ्हाइकाला घरचा भाव, बाहेरच्याला बाहेरचा भाव, आणि बाहेरच्याला घरचा व्हायची वाटही ठेवलेली.

आता आपला हिशेब

समजा तुमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात एक कारागीर आहे. पगार १८,००० रुपये. महिन्याचे २६ दिवस, रोज ६ कामं, म्हणजे १५६ कामं तो करू शकतो. तुमच्या स्वतःच्या गिऱ्हाइकांची कामं येतात ९०. एका कामाची मजुरी २०० रुपये धरली तर १८,००० झाले. पगार निघाला, हातात शिल्लक शून्य, आणि ६६ कामांची जागा रिकामी.

आता बाहेरून माल घेतलेली ४० कामं २५० रुपयांनी घेतली, तर महिन्याला १०,००० रुपये जास्तीचे आले. कारागीर तोच, जागा तीच. शिवाय ४० नवी माणसं दुकानात येऊन, तुमचं काम बघून गेली. ही माणसं आणायला पत्रकं वाटली असती तर किती खर्च आला असता?

यावर हमखास प्रश्न येतो : "सर, मग सगळेच ऑनलाइन घेतील आणि सेवेला फक्त आपल्याकडे येतील!" घेतील काही जण. ते तुम्ही सेवा नाकारलीत तरी घेणारच आहेत. तुमच्या नकाराने त्यांचा मिक्सर परत जात नाही, फक्त ते समोरच्या दुकानात जातात. पण प्रश्नात एक खरी गोष्ट आहे, आणि म्हणून काही सवलती फक्त आपल्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवायच्या. घरपोच सेवा, उधारी, सणाच्या गर्दीत आधी नंबर, दुरुस्ती होईपर्यंत वापरायला दिलेला जुना पंखा, हे आपल्याकडून माल घेणाऱ्यालाच.

रांग सांभाळा, नाहीतर घरचं गिऱ्हाईक जाईल

टेस्लाच्या चार्जरची वायर आखूड असते, कारण टेस्लाची पिन लावायची जागा नेहमी गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात. फोर्डच्या गाडीत ती पुढच्या बाजूला. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी फोर्डवाल्याला वायर पोचवण्यासाठी गाडी अशी लावावी लागते की दोन जागा अडतात. मागे उभा असलेला टेस्लावाला काय म्हणत असेल, विचार करा. चौथ्या पिढीच्या चार्जरला लांब वायर दिली, ती यासाठीच.

बाहेरच्याला आत घ्यायच्या आधी आपल्या दुकानातली "वायर" किती लांब आहे ते मोजा. काउंटरवर एकच माणूस आणि संध्याकाळी सहा ते आठ गर्दी असेल, तर बाहेरची कामं दुपारी घ्या. जुन्या गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून नवा जोडण्यात काही अर्थ नाही.

फोर्डच्या बाजूने बघितलं तर

काही जण म्हणतात, फोर्डने हार मानली. मला तसं वाटत नाही. आपल्या गिऱ्हाइकाची अडचण उद्या सकाळी सुटणार असेल तर प्रतिस्पर्ध्याच्या दारात जाण्यात कमीपणा नाही. पण दोन धोके आहेत.

पहिला, दार दुसऱ्याचं आहे. एप्रिल २०२४ च्या शेवटी टेस्लाने सुपरचार्जर विभागातली जवळजवळ सगळी, म्हणजे सुमारे ५०० माणसं एका झटक्यात काढली. काही नंतर परत घेतली. पण ज्या कंपन्यांनी आपलं पुढचं नियोजन या जाळ्यावर बांधलं होतं, त्यांच्या हातात त्या दिवशी काहीच नव्हतं. तुम्ही दुसऱ्याच्या ॲपवरून डबे विकत असाल, साड्या विकत असाल, जरूर विका. पण गिऱ्हाइकाचं नाव, नंबर आणि आवड तुमच्या वहीत असू द्या.

दुसरा, अडॅप्टरवर नाव तुमचं आहे. फोर्डने आपल्या गाडीवाल्यांना अडॅप्टर फुकट दिले. चांगलं केलं. पण आधी पुरवठा कमी पडला आणि लोक महिनोन्‌महिने वाट बघत बसले. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये काही अडॅप्टरमध्ये दोष निघाला, आणि ते वापरू नका, बदलून देतो असं फोर्डला कळवावं लागलं. वस्तू छोटी होती, पण तिच्यातून शेकडो अँपिअर जातात. गिऱ्हाईक वस्तू कोणी बनवली हे बघत नाही, हातात कोणी दिली ते बघतं.

आपल्याकडचं काय?

आपल्याकडे चारचाकींच्या फास्ट चार्जिंगला सीसीएस२ ही पिन रुळली आहे. टेस्लाने २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीला दुकान उघडलं, तेव्हा त्यांच्या गाडीलाही इथे सीसीएस२ च पिन आहे. म्हणजे जिथला बाजार, तिथली पिन. दुचाकीत मात्र गोंधळ होता. तिथे एथरने आपला कनेक्टर दुसऱ्यांसाठी खुला केला, २०२३ मध्ये त्यावर भारतीय मानक आलं, आणि हीरोची विडा त्याच जाळ्यावर चार्ज होते. टेस्लाने जे केलं तेच, आपल्या रस्त्यावर.

आणि माझ्या इलेक्ट्रिकवाल्या भावांना एक खास सांगणं. १६ अँपिअरची जाड पिन ६ अँपिअरच्या बोर्डात बसवायचा कन्व्हर्जन प्लग आपण सगळेच विकतो. गिझरला, इस्त्रीला लोक नेतात. आता इलेक्ट्रिक गाडीच्या घरगुती चार्जरसाठीही मागायला लागलेत. गाडीचा चार्जर दोन-दोन, चार-चार तास सलग पूर्ण ताकदीने चालतो. ६ अँपिअरचा बोर्ड तेवढं सहन करत नाही. आधी गरम होतो, मग वितळतो. विचारा, "कशाला पाहिजे?" गाडीला असेल तर प्लग देऊ नका. त्याऐवजी १६ अँपिअरचा सॉकेट, योग्य जाडीची वायर, एमसीबी आणि अर्थिंग असं नीट काम सुचवा. चाळीस-पन्नास रुपयांच्या विक्रीऐवजी काही हजारांचं काम मिळेल, आणि त्या घरातली माणसं रात्री निवांत झोपतील. पिन बसली म्हणजे ती चालवायला सुरक्षित आहे असं होत नाही, हे गिऱ्हाइकाला सांगणारा दुकानदारच असतो. ॲपवरचं चित्र सांगत नाही.

या आठवड्याचं काम

सात दिवस काउंटरवर एक वही ठेवा. "आमच्याकडचं नाही" म्हणून किती जणांना परत पाठवलं, त्यांना काय हवं होतं आणि किती वाजता आले होते, एवढं लिहा. आठव्या दिवशी बेरीज करा. मग तीन गोष्टी ठरवा : यातलं कोणतं काम घ्यायचं, बाहेरच्यासाठी दर काय, आणि कोणत्या वेळेत घ्यायचं. दरपत्रक मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा, म्हणजे कोणाला जास्त लावले, कोणाला कमी, अशी कुजबुज होणार नाही.

वही भरली की तिचा फोटो बॅचच्या ग्रुपवर टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातल्याच दोन-तीन दुकानांचे आकडे घेऊन दर कसा काढायचा ते बघू.